तीन जिवांचं पाणमांजर

आमच्या तलावात पाणमांजरं होती तेव्हा त्यांना एकच जीव होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. काठी बसली की ती मरायची, आणि काठी बसणं फार अवघड, म्हणून ती जगायची. माझ्या नातीनं पुण्याच्या कंपनीसाठी मोबाईलवरच्या खेळात जे पाणमांजर केलं, त्याला तीन जीव आहेत. तीनही गेले तर पुन्हा पहिल्यापासून तीन मिळतात. मी विचारलं, मग ते मरते कायले? ती म्हणाली, असंच असते आबाजी. त्या उत्तरावर माझा विचार अजून संपलेला नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. जोडाक्षरं मला त्रास देतात, पण लिहिताना मी कोणाला विचारत नाही. आम्ही जातीचे ढिवर. साठ वर्षं मी तलावात जाळं टाकलं आणि मोहाडीच्या बाजारात मासळी विकली. माझ्या टोपलीतला मासा कोणी उलटून पाहत नसे. टोपली कोणाची एवढं कळलं की गिऱ्हाईक पिशवी पुढं करायचं. हे खरं आहे म्हणून लिहितो.

नात माझ्या थोरल्या मुलाची. नागपूरला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. यंदा चैत्रात महिनाभर गावी आली, ती काम सोबत घेऊनच. छपरीत खाट टाकून दिवसभर मांडीवर तो कॉम्प्युटर. मला वाटलं कागदपत्रांचं काही काम असेल. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन पाहिलं तर त्यात एक जनावर दोन पायांवर उभं राहून मला डोळा मारत होतं.

डोळे बशीएवढे. पुढचे दोन दात बाहेर. अंगात लाल बंडी, बंडीला बटणं, आणि खाली काहीच नाही.

"हे काय होय?" मी विचारलं.

"पाणमांजर."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिशा तेवढ्या जुळत होत्या. टीव्हीवर मी टोप्या घातलेली माकडं आणि भांडणारी अस्वलं पाहिली आहेत. ती मी कधी मनावर घेतली नाहीत, कारण अस्वलाशी माझा व्यवहार नव्हता. पाणमांजराशी होता. मी तिला म्हटलं, बंडी घातली तर धोतरही घाल, नाही तर दोन्ही काढ. ती म्हणाली, कार्टूनमधल्या जनावरांचं असंच असते. कोणी ठरवलं ते तिलाही माहीत नव्हतं.

मग तिनं समजावून सांगितलं. कंपनीला खेळासाठी एक खोडकर जनावर हवं होतं, जे अजून कोणी वापरलेलं नाही. ससे, कोल्हे, माकडं सगळी घेऊन झाली होती. हिनं लहानपणी माझ्या तोंडून पाणमांजरांना दिलेल्या शिव्या ऐकल्या होत्या. ते डोक्यात धरून तिनं त्या लोकांना पाणमांजर सुचवलं आणि त्यांना ते आवडलं. हे तिचं स्वतःचं असं पहिलंच काम होतं. आधी ती दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरत होती.

तिला माझ्याकडून खरी माहिती हवी होती. मी सांगितली. ती चार-पाचाच्या टोळीनं येतात. पाण्यात शिट्टी मारल्यासारखी बोलतात. मरळ पकडली की डोकं खातात, पोट खातात आणि उरलेली तशीच टाकून दुसरी धरतात. जाळ्यात अडकलेला मासा ओढताना जाळं फाडतात, आणि फाटलेलं जाळं शिवायला माझे दोन दिवस जायचे. मी हे रागानं सांगत होतो आणि ती प्रत्येक वाक्याला खुश होऊन लिहून घेत होती. जाळं फाडण्यापाशी तर ती मोठ्यानं हसली. मी विचारलं, यात हसासारखं काय आहे? ती म्हणाली, "आबाजी, हाच तं खेळ होय." मला वाटलं तिनं नीट ऐकलेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली.

आठ दिवसांनी तिनं मला, माझ्या म्हातारीला आणि शेजारच्या दोन बायांना बसवून खेळ दाखवला. पाणमांजर उड्या मारत येतं, मासे उचलतं, बंडीत कोंबतं. अंगावर लाकडाचा ओंडका पडला की पापडासारखं चपटं होतं, मग अंग झटकून उभं राहतं. बायांची हसून पुरेवाट झाली. मीही जरा हसलो, खोटं कशाला बोलू. एवढ्यात पाण्यावर एक डोंगा आला. डोंग्यात एक म्हातारा. मिशा लांब, गुडघे बाहेर आलेले, पागोट्याचं टोक डाव्या कानावर. पाणमांजरानं शेपटीनं डोंगा हलवला आणि म्हातारा तोंडावर पाण्यात पडला. वर आला तेव्हा त्याच्या मिशीत बेडूक बसला होता.

म्हातारी माझ्याकडं पाहून म्हणाली, "हे तं तुमीच होय."

मी पागोटं डाव्या कानावर घेतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी उठून पारावर गेलो. दोन दिवस नातीशी बोललो नाही, आणि जेवण म्हातारीनं पुढं ठेवलं तेवढंच खाल्लं. नात मागंपुढं फिरत राहिली. म्हणाली की तिनं मला चिडवायला नाही केलं, ढिवर कसा दिसतो म्हणून डोळे मिटले की तिला मीच दिसतो, ती तरी काय करणार. पण माझा राग पडण्याचा नव्हता, हे ना तिला कळलं ना म्हातारीला. माणूस डोंग्यातून पडतो. मीही पडलो आहे. राग होता तो जाळ्याचा. त्या खेळातल्या म्हाताऱ्यानं, म्हणजे मी, तलावाच्या मधोमध उघड्या पाण्यात एकच जाळं सरळ ताणून बांधलं होतं, पोरं व्हॉलीबॉलला बांधतात तसं. असं जाळं आमच्यातलं शेंबडं पोरही बांधणार नाही. उद्या हा खेळ आमच्या लोकांनी पाहिला तर काय म्हणतील? साठ वर्षांत हेच शिकला?

तिसऱ्या दिवशी मीच तिला हाक मारली. म्हटलं, "मले पाडाचं तं पाड. पण जाळं धड लाव."

तिनं लगेच वही घेतली. मी अंगणात राखेनं तलाव काढला. तलाव बांधायच्या आधी तिथून नाला वाहत होता. तो नाला पाण्याखाली अजून आहे आणि मासा त्याच वाटेनं फिरतो, हे आधी दाखवलं. मग सुतळी घेऊन घेर मांडला. कमळाच्या वेलीला लागून एक जाळं तिरपं. त्याच्या मागं हातभर सोडून दुसरं, म्हणजे पहिल्यातून सुटलेला दुसऱ्यात. खालच्या दोरीला शिसं इतकं की ती चिखलात बसली पाहिजे, खालून बोट जाता कामा नये. तीन बाजू अशा बंद. चौथ्या बाजूला दार, आणि दारात डोंगा. डोंग्यात उभं राहून माणूस लांब बांबूनं पाणी बडवतो. त्या आवाजाला भिऊन मासा दाराकडं येत नाही, जाळ्याकडं पळतो. मग बांबू ठेवायचा आणि दोन्हीकडून जाळं ओढायचं. याला आमच्याकडं दोन माणसं लागतात, पण खेळात एकच होता, म्हणून बाकीचं तिनं तिच्या हुशारीनं केलं.

हे सगळं तिनं तीन दिवसांत जसंच्या तसं उतरवलं. चिखलात बसलेली दोरीसुद्धा. म्हाताऱ्याच्या हातात बांबू दिला. बांबू पाण्यावर बसला की आवाज असा यायचा की मी खाटेवर पडल्या पडल्या मान वळवायचो. मी दिवसातून चार वेळा ते पाहत होतो. लोकांना बोलावून दाखवत होतो. डोंगा हलत होता, मिशीत बेडूक तसाच होता, पण जाळं माझं होतं.

तिनं ते पुण्याला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं तोंड उतरलं.

कंपनीत दहा-बारा जणांनी खेळून पाहिलं होतं. एकाचंही पाणमांजर आत जाऊन मासा घेऊन बाहेर आलं नाही. जाळ्याकडून गेलं तर अडकून मरतं. जाळ्याखालून जावं तर दोरी चिखलात. दाराकडून गेलं तर बांबू डोक्यात. तीन जीव तीन मिनिटांत संपत होते.

ऐकून मला किती बरं वाटलं! मी म्हातारीला हाक मारून सांगितलं की पुण्याचे शिकलेले दहा-बारा लोक माझ्या जाळ्यातून सुटले नाहीत. मग नातीकडं पाहिलं तर ती रडत होती.

तिच्या साहेबाचा फोन येऊन गेला होता. सोमवारपर्यंत पाणमांजराला वाट मिळाली तर ठीक, नाही तर हे जनावर बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या कोणाचा तयार ससा घ्यायचा. ससा घेतला की हिचं काम गेलं, आणि ही परत रंग भरायला. त्या दिवशी शुक्रवार होता.

मी म्हटलं, मग तू काय करशील? ती म्हणाली, एक जाळं काढून टाकते, नाही तर मधून फाडते.

"माह्या जाळ्याले हात लावजो नको," मी म्हणालो.

"आबाजी, हा खेळ होय. यात चोर जिंकलाच पाहिजे."

"काहून? चोर काहून जिंकला पाहिजे?"

"कारण खेळते तोच चोर असते ना."

हे मला कळायला वेळ लागला. ती सांगत होती की ज्याच्या हातात मोबाईल तो पाणमांजर. लाख लोकांनी खेळला तर लाख पाणमांजरं, आणि ढिवर एकटा मी. मी विचारलं, ढिवराच्या बाजूनं कोणी खेळत नाही का? ती म्हणाली, ढिवर आपोआप चालतो. आता आपोआप चालणारा ढिवर! मी पाण्यात घालवलेल्या त्या सगळ्या पहाटा मला आठवल्या.

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाली, तुमीच सांगा कुठून जायचं, तुमी पाणमांजराच्या बाजूनं खेळून पाहा. मी नको म्हणालो. मग घेतला. माझी बोटं जाड, काचेवर नीट बसत नव्हती. पाणमांजर इकडंतिकडं आपटत गेलं आणि माझ्याच जाळ्यात मेलं. पुन्हा केलं. माझ्याच बांबूनं माझ्या डोक्यात घातलं. शनिवारची अख्खी दुपार मी लाल बंडी घालून माझ्या जाळ्याभोवती फिरत होतो, आणि हे जाळं कोणी बांधलं म्हणून मनातल्या मनात शिव्या देत होतो. मधेच ध्यानात यायचं की शिवी कोणाला लागते आहे. मग मी मोबाईल ठेवून द्यायचो. थोड्या वेळानं पुन्हा उचलायचो. माणूस आपल्याच जाळ्याच्या बाहेर उभा राहिला की त्याला काय व्हावंसं वाटायला पाहिजे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

नात शेजारी बसून पाहत होती. म्हातारी पलीकडं तांदूळ निवडत होती.

खरं सांगायचं तर वाट मला माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती.

आता हे लिहायचं म्हणजे बावीस वर्षं मागचं सांगावं लागतं. तेव्हा माझ्यासोबत जाळं ओढायला माझा साळा असायचा, म्हणजे म्हातारीचा धाकटा भाऊ. दारात डोंग्यावर मी, समोरच्या टोकाला तो. एका हंगामात असं व्हायला लागलं की घेरात मोठे रोहू फिरताना डोळ्यांनी दिसायचे, पण जाळं ओढलं की निम्मेच. जाळं तपासलं तर एक गाठ सुटलेली नाही. चार-पाच वेळा असं झालं. मग मी मासेमारांच्या सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांपुढं म्हणालो, पाणमांजर असतं तर जाळं फाटलं असतं. जाळं फाटलं नाही, म्हणजे चोर दोन पायांचा आहे आणि तो समोरच्या टोकाला उभा असतो. साळ्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि गेला. पुढं तो कारध्याला जाऊन नदीवर मासेमारी करायला लागला. लग्नाकार्यात भेटतो, पाणी विचारतो, तेवढंच.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी दुसऱ्या माणसाला घेऊन जाळं लावलं. बांबू उचलला, आणि माझ्या पायाखाली डोंग्याच्या बुडाला काहीतरी घासत गेलं. खाली पाहिलं तर चार काळी डोकी एकामागं एक डोंग्याखालून आत. बांबू मारला तोवर ती आत होती. पुन्हा उचलला तेव्हा त्याच वाटेनं बाहेर, तोंडात रोहू. बांबू वर गेला की माणसाची नजर बांबूबरोबर वर जाते. तेवढा एक श्वास डोंग्याखालचं पाणी कोणाचंच नसतं. माशाला ते कळत नाही. पाणमांजराला कळलं होतं. सगळीकडून बंद केलेल्या घेरात भोक एकच होतं, आणि त्या भोकावर मी उभा होतो.

मी हे कोणाला सांगितलं नाही. बैठकीत बोललेलं परत कसं घ्यायचं, मला येत नाही. म्हातारीलाही नाही सांगितलं. मनात म्हणत राहिलो की आधीच्या वेळी साळ्यानंच नेले असतील आणि या वेळी पाणमांजरांनी. अर्धं मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

रविवारी सकाळी नात पुण्याला फोन करून सांगणार होती की ससा घ्या. मोबाईल तिच्या हातात होता. म्हातारी पुन्हा तांदूळ घेऊन बसली होती.

"थांब," मी म्हणालो. "डोंग्याखालून जाते पाणमांजर."

तिला कळलं नाही. मी समजावलं. बांबू वर असेल तेव्हाच, खाली असताना नाही. म्हाताऱ्याची नजर वर पाहिजे. डोंग्याला घासलं तरी चालेल, त्याला वाटेल लाट आहे. परत येतानाही तसंच. जाळ्याला हात लावायची गरज नाही.

ती लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "हे तुमी पाह्यलं आहे का खरंच?"

"पाह्यलं नाही तं सांगून राहिलो का?"

तांदूळ निवडण्याचा आवाज बंद झाला. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे माह्या भावानं नव्हते नेले," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी खेळाचं सांगतो आहे. ती माझ्याकडं पाहतही नव्हती, नातीच्या मोबाईलकडं पाहत होती. नातीनं एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून काम करायला लागली. तिला त्या बैठकीचं काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा पाळण्यात होती.

संध्याकाळपर्यंत तिनं वाट केली. सोमवारी पुण्याहून निरोप आला की जमलं, पाणमांजर राहिलं. साहेब म्हणाला म्हणे, इतकी अवघड आणि इतकी साधी वाट कोणी सुचवली? नातीनं "आजोबांनी" असं सांगितलं. मला आनंद झाला असं समजा. नात परत पुण्याला गेली, ती जाताना माझ्या पाया पडली आणि मिशीतला बेडूक काढून टाकला असं सांगून गेली. मी काढायला सांगितलं नव्हतं. आता तो नाही तर मिशी रिकामी दिसते.

नात जाण्यापूर्वी म्हातारीनं तिच्याकडून तो खेळ आपल्या मोबाईलमध्ये भरून घेतला. तिला वाचता येत नाही, पण तिची बोटं बारीक. दुसऱ्याच दिवशी ती पाणमांजराला डोंग्याखालून नेत होती. बांबू वर, पाणमांजर आत. बांबू वर, पाणमांजर बाहेर. एकदाही चुकत नव्हती, तीनही जीव तसेच. मी शेजारी बसून पाहत होतो. खेळातला म्हातारा दर वेळी वर पाहत होता.

पुढच्या रविवारी ती एकटीच बसनं कारध्याला गेली. मला विचारलं नाही. सोबत मोबाईल आणि भाकरीचा डबा. मी अडवलं नाही, आणि चलतो असंही म्हणालो नाही. दिवसभर मी जाळ्याच्या गाठी पाहत बसलो. त्या जाळ्याला आता काम नाही, पण गाठी पाहायला लागतात.

दिवे लागायच्या सुमाराला ती आली. हातपाय धुतले, चहा ठेवला. मी विचारलं, भेटला का?

"भेटला."

"काय म्हणे?"

"काई नाई. दिला मोबाईल हातात. खेळला."

"मंग?"

"मंग काय, हसला."

मी विचारलं, कशाला हसला. म्हाताऱ्याला हसला, की पाणमांजराला, की वाट सापडली म्हणून? तिनं चहा गाळला आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, तो हसला तेवढं तिनं पाहिलं, कशाला ते त्यालाच विचारा.

कारधा इथून बसनं फार लांब नाही. मी चार दिवस विचार करतो आहे की पागोटं कोणत्या कानावर घेऊन जावं.